पासवर्ड मॅनेजर निवडताना फोन हरवलाय असं धरून चाला

मागच्या पावसाळ्यात नाशिकच्या सोमेश्वरला धबधब्याचा फोटो काढताना माझा फोन हातातून निसटला आणि थेट गोदेत गेला. फोनचं फार वाईट वाटलं नाही, तो तसाही म्हातारा झाला होता. खरी पंचाईत दुसऱ्या दिवशी झाली. नवा फोन घेतला, त्याच नंबरचं नवं सिम घेतलं आणि पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एकाच मास्टर पासवर्डमागे कुलूपबंद ठेवणारं ॲप, उघडायला बसलो. मास्टर पासवर्ड तोंडपाठ होता. ॲप म्हणालं, हा फोन ओळखीचा नाही, ईमेलवर कोड पाठवलाय, तो टाका. ईमेल उघडायला गेलो तर त्याचा पासवर्ड मॅनेजरच्याच पोटात. ‘पासवर्ड विसरलो’ दाबलं तर ओटीपी येणार एसएमएसने. आणि सिम बदललं की पहिले चोवीस तास एसएमएस बंद असतात; दुसऱ्याच्या नावाचं सिम काढून होणाऱ्या फसवणुकीला आळा बसावा म्हणून दूरसंचार विभागानेच तसं ठरवलंय. लॅचचं दार ओढलं जावं आणि किल्ली आत टेबलावर राहावी, तशी गत.

सुटलो कसा, तर घरातल्या जुन्या लॅपटॉपवर मेल उघडाच राहिला होता. ‘लॉगआउट करत जा’ म्हणून वर्षभर ओरडणारी बायको त्या दिवशी काही बोलली नाही.

चूक ॲपची नव्हती, माझी होती. निवडताना मी दहा तुलना वाचल्या, पण हातात फोन नसेल तेव्हा आत कसं शिरायचं, हे एकदाही विचारलं नव्हतं. म्हणून हा लेख त्या प्रश्नापासून सुरू होतो.

डायरीला हसू नका

माझे काका नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झाले. एकेका कागदाचा हिशेब द्यावा लागणाऱ्या जागी आयुष्य गेलेलं, त्यामुळे त्यांची पासवर्डची डायरी बघण्यासारखी आहे. तारीख, खात्याचं नाव, जुना पासवर्ड पट्टी धरून खोडलेला, नवा शेजारी. डायरी लोखंडी कपाटात, किल्ली काकूंकडे. सगळीकडे एकच पासवर्ड ठेवणाऱ्यांपेक्षा किंवा व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पासवर्ड पाठवून ठेवणाऱ्यांपेक्षा काका शंभर पटीने सुरक्षित आहेत. दूर देशात बसलेल्या चोराला ते कपाट उघडता येत नाही.

पण डायरी दोन ठिकाणी कमी पडते. पासवर्ड हाताने टाइप करायचा असतो, म्हणून तो छोटा आणि ओळखीचा होतो. काकांचे निम्मे पासवर्ड ‘एमएच १५’ पासून सुरू होतात, पुढे स्कूटरचा नंबर. दुसरं म्हणजे डायरी साइटचा पत्ता तपासत नाही. बँकेसारखी हुबेहूब दिसणारी नकली साइट समोर आली तर काका डायरीत बघून तिथेही इमानेइतबारे पासवर्ड भरतील. मॅनेजर मात्र साइटचा पत्ता जुळला तरच पासवर्ड पुढे करतो. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने खोल्या आणि तंबूंच्या बुकिंगच्या लिंका ग्रुपवर येतील, तेव्हा हा एक गुण सगळी मेहनत वसूल करून देईल.

पहिली पायरी: कागदावर मोजणी

कोणतंही ॲप उतरवण्याआधी रविवारी सकाळी एक कागद घ्या आणि आपली खाती लिहा. फक्त नावं, पासवर्ड नाहीत. ईमेल, बँका, भविष्य निर्वाह निधी, आयकर, रेल्वे तिकीट, महावितरण, घरपट्टी-पाणीपट्टी, गॅस, मुलांच्या शाळेचं ॲप, किराणा, औषधं. माझी यादी एकशे बारावर थांबली आणि मिसळ खायला जायचं राहून गेलं.

यादीवर दोन खुणा करा. ज्या खात्यातून बाकीची खाती उघडता येतात, त्याला चांदणी. मुख्य ईमेल आणि फोनचं गूगल किंवा ॲपल खातं यांना ती मिळेलच, पैशांच्या खात्यांनाही द्या. जी खाती घरात दोघं-तिघं वापरतात, त्यांना गोल. त्याखाली घरातली यंत्रं लिहा: कोणाकडे अँड्रॉइड, कोणाकडे आयफोन, ऑफिसचा लॅपटॉप विंडोजचा आहे का. निवड पुढे या तीन ओळींवरच ठरते.

यूपीआय पिन आणि एटीएमचा पिन या यादीत नकोत आणि मॅनेजरमध्येही नकोत. ते डोक्यात ठेवायचे.

दुसरी पायरी: कोणता घ्यायचा

घरात सगळे अँड्रॉइडवाले असतील आणि संगणकावरही क्रोमच असेल, तर गूगलचा मॅनेजर फोनमध्ये आधीच आहे आणि फुकट आहे. सुरुवातीला तो पुरेसा आहे, यात कमीपणा काही नाही. फक्त त्याला वेगळं कुलूप नसतं. फोनच्या स्क्रीनचा पिन ज्याला माहीत, त्याला सगळे पासवर्ड दिसू शकतात, आणि तो पिन गेम खेळणाऱ्या पोराला हमखास माहीत असतो. शिवाय गूगलचं खातंच अडकलं तर मेल, फोटो आणि पासवर्ड एकाच वेळी जातात.

ॲपलनेही २०२४ च्या आयओएस १८ पासून ‘पासवर्ड्स’ नावाचं वेगळं ॲप दिलंय. आयफोन आणि मॅकवर उत्तम, विंडोजवरही चालवता येतं, पण अँड्रॉइडवर नाही. आईकडे अँड्रॉइड असेल तर ती बाहेर राहते.

बहुतेक घरं सरमिसळीचीच असतात. त्यांना मी डोळे झाकून बिटवॉर्डन सांगतो. २०१६ पासून आहे, त्याचा कोड कोणालाही तपासता येतो आणि फुकटच्या योजनेत पासवर्डच्या किंवा यंत्रांच्या संख्येवर मर्यादा नाही. दोन माणसांत काही पासवर्ड सामायिक ठेवण्याची सोयही फुकटात आहे, म्हणजे नवरा-बायकोची वीजबिलाची अडचण मिटली. दिसायला थोडा रुक्ष आहे, सरकारी फॉर्मसारखा. ते खटकत असेल तर स्वित्झर्लंडच्या कंपनीचा प्रोटॉन पास बघा. तो २०२३ मध्ये आला, त्याचीही फुकट योजना सढळ आहे आणि तो आपला खरा पत्ता झाकणारे पर्यायी ईमेल पत्ते तयार करून देतो. दुकानदार बिल करताना ईमेल मागतात तिथे हे पत्ते कामाला येतात.

वनपासवर्डला फुकट योजनाच नाही, पण वापरायला सगळ्यांत सफाईदार तोच. मास्टर पासवर्डसोबत तो एक लांबलचक गुप्त किल्लीही देतो. ती तुमच्या यंत्रावर तयार होते, कंपनीकडे नसते, त्यामुळे कंपनीचं कपाट फुटलं तरी नुसत्या पासवर्डवर तिजोरी उघडत नाही. ही किल्ली छापून ठेवायला सांगतात, आणि खरोखर छापायची असते. पैसे भरताना मात्र रक्कम डॉलरमध्ये असेल तर कार्डावर परदेशी व्यवहार आधी सुरू करून घ्यावे लागतात. नूतनीकरण नेमकं तिथेच अडकतं.

कीपासएक्ससी हा वेगळाच प्रकार. इथे कंपनी नाही, सर्व्हर नाही. सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाइलमध्ये आणि ती फाइल तुमच्याकडे. अँड्रॉइड फोनवर ती कीपासडीएक्स या ॲपने उघडते. पण फाइल फोनवर बदलली, लॅपटॉपवरही बदलली, आता खरी कोणती, हे तुम्हीच सांभाळायचं. अंबड-सातपूरमधल्या माझ्या एका इंजिनीअर मित्राला यात आनंद मिळतो. तो बॅकअपचाही बॅकअप घेतो. माझ्यासारख्या आळशाने या वाटेला जाऊ नये.

‘सगळे पासवर्ड एकाच ठिकाणी ठेवले आणि तेच फुटलं तर?’ हा प्रश्न काकांनीही विचारला, आणि तो रास्त आहे. २०२२ मध्ये लास्टपास नावाच्या मॅनेजरच्या बाबतीत असंच झालं. चोरांनी ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती नेल्या. पासवर्ड कुलूपबंद होते, पण कोणकोणत्या साइटवर खाती आहेत ते पत्ते उघडेच होते. अशी तिजोरी घरी नेलेल्या चोराला घाई नसते. तो संगणकाला मास्टर पासवर्डचे अंदाज करायला बसवतो. ज्यांचा मास्टर पासवर्ड कच्चा, त्यांना धोका खरा. पक्का असेल तर नेलेली तिजोरी नुसतं लोखंड.

याच कंपनीने २०२१ मध्ये फुकटच्या योजनेत फोन किंवा संगणक यांपैकी एकच निवडायची अट घातली होती. मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये आपल्या ऑथेंटिकेटर, म्हणजे लॉगिनचे कोड देणाऱ्या, ॲपमधून पासवर्ड ठेवण्याची सोयच काढून टाकली. म्हणून सगळे पासवर्ड एका फाइलमध्ये बाहेर काढता येतात का, म्हणजे ‘एक्स्पोर्ट’ आहे का, हे पहिल्याच दिवशी बघा. भाड्याचं घर घेताना सामान बाहेर काढायचा जिना बघतो तसं. डार्क वेबवरची पाळत, व्हीपीएन, रंगीत आलेख असल्या जादा सोयींकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल.

तिसरी पायरी: मास्टर पासवर्ड, फासे टाकून

माणसाला मनाने यादृच्छिक काही सुचत नाही. आपल्याला सुचतं ते मुलांचं नाव, देवाचं नाव, पुढे ॲट आणि वन टू थ्री. चोरांच्या यादीत हे सगळं आधीपासून आहे. यावर १९९५ पासून प्रचलित असलेली पद्धत म्हणजे फासे टाकून शब्द निवडणं. इंग्रजी शब्दांची ७,७७६ शब्दांची तयार यादी मिळते, पाच फाशांमागे एक शब्द. पण मला इंग्रजी शब्द लक्षात राहत नाहीत, म्हणून सुट्टीत मुलांना कामाला लावलं.

सहा कागद, प्रत्येकावर सहा ओळी, ओळीत सहा शब्द. एकूण २१६ मराठी शब्द, घरातले, बाजारातले, शेतातले. ल्युडोचा फासा तीनदा टाकायचा: पहिल्याने कागद, दुसऱ्याने ओळ, तिसऱ्याने शब्द. असे सहा शब्द काढले की शक्यता होतात साधारण एक कोटी गुणिले एक कोटी. हे कमीत कमी. मी सात काढले.

शब्द रोमन लिपीतच टाइप करावे लागतात, आणि भांडण तिथे झालं. मुलीने ‘वाडा’ लिहिला. तो व्ही ने की डब्ल्यू ने? ‘कोथिंबीर’मध्ये दोन ई की एक आय? घाईत नेमकं हेच चुकतं. ज्याचं स्पेलिंग घरातले सगळे एकच करतील तेवढेच शब्द ठेवले: कांदा, मिसळ, तबला, घोडा असले. ‘भाकरी’ बाद झाली. मधे एक ए की नाही, यावर एकमत होईना.

फाशाने दिलेले शब्द आवडले नाहीत म्हणून बदलायचे नाहीत. बदललं की पुन्हा आपलं मन आलं. उलट ते विचित्र असतात म्हणूनच त्यांची गोष्ट रचून लक्षात राहतात. पहिले आठ-दहा दिवस बोटाचा ठसा बंद ठेवा आणि रोज हाताने टाका. पाठ झाला की ठसा सुरू करा. आणि हा पासवर्ड दुसऱ्या कुठेही वापरायचा नाही, मुख्य ईमेललाही नाही.

चौथी पायरी: बसवणं आणि सामान हलवणं

ॲप कंपनीच्या साइटवरून दिलेल्या दुव्यानेच उतरवा. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके, म्हणजे ॲप बसवणारी, फाइल कधीच नाही, मग ती कोणाकडूनही येवो. नंतर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन पासवर्ड आपोआप भरण्याची सेवा म्हणून हे ॲप निवडा. नव्या अँड्रॉइडमध्ये ‘पासवर्ड, पासकी व खाती’ या सदराखाली, आयफोनमध्ये ‘जनरल’मधल्या ‘ऑटोफिल’मध्ये. क्रोमच्या सेटिंगमध्ये दुसरी सेवा वापरण्याचा वेगळा पर्याय असतो, तोही चालू करा, नाहीतर दोन मॅनेजर एकमेकांच्या पायात येतात.

क्रोममधले जुने पासवर्ड फाइल करून बाहेर काढता येतात आणि नव्यात भरता येतात. पाच मिनिटांचं काम. पण ती फाइल उघडी असते, साध्या तक्त्यासारखी, सगळे पासवर्ड स्वच्छ अक्षरात. हे काम घरच्याच संगणकावर करा, सायबर कॅफेत किंवा ऑफिसात नाही. भरून झालं की फाइल पुसा आणि रिसायकल बिनही रिकामं करा. डाउनलोडचा फोल्डर आपोआप क्लाउडवर जात असेल तर तिथूनही काढा. मी एका नातेवाइकाच्या लॅपटॉपवर ही फाइल दोन वर्षांनी डेस्कटॉपवर सापडलेली पाहिलीय, लग्नाच्या फोटोंशेजारी.

आता पासवर्ड बदलणं. एकशे बारा खाती एका दिवसात बदलायला जाऊ नका, कंटाळून सगळंच सोडून द्याल. चांदणीवाली आज बदला, मुख्य ईमेल सगळ्यांत आधी. बाकीची जेव्हा लॉगिन कराल तेव्हा. वीस अक्षरी पासवर्ड मॅनेजरलाच तयार करू द्या. ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या साइटवर आपला ईमेल टाकला की तो कोणत्या फुटलेल्या साइटच्या यादीत आहे ते कळतं. त्या साइटचा पासवर्ड तुम्ही आणखी जिथे जिथे वापरला असेल, ती सगळी खाती रांगेत पुढे घ्या.

बँकांची तऱ्हा

इथे धीर लागतो. काही बँकांच्या साइटवर पासवर्ड चिकटवता येत नाही, पडद्यावरचा कीबोर्ड दाबत बसावं लागतं. कुठे ग्राहक क्रमांक एका पानावर आणि पासवर्ड दुसऱ्या, कुठे लांबीवर मर्यादा, कुठे ठरावीक महिन्यांनी पासवर्ड बदलायची सक्ती. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१७ मध्येच सांगितलं की अशी मुदतीची सक्ती करू नये, पण ती बातमी सगळीकडे पोचलेली दिसत नाही. जिथे हाताने दाबायचंय तिथे वीस अक्षरांऐवजी बारा-चौदा ठेवा, आणि एल, आय, शून्य, ओ ही गोंधळात टाकणारी अक्षरं टाळायचा पर्याय मॅनेजरमध्ये असेल तर चालू करा. व्यवहाराचा वेगळा पासवर्ड असेल तर तो त्याच नोंदीत वेगळ्या रकान्यात. ‘आईचं माहेरचं आडनाव काय’ असल्या प्रश्नांना खरं उत्तर देऊ नका. आईचं माहेर अर्ध्या पंचवटीला माहीत असतं. काहीतरी भलतंच लिहा आणि ते मॅनेजरमध्ये टिपून ठेवा.

एक गोष्ट नीट समजून घ्या. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये बँकांना सांगितलं की ३१ ऑक्टोबरपर्यंत आपल्या साइट ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर न्या. हा शेपटाचा पत्ता फक्त बँकांनाच मिळतो, हैदराबादची आयडीआरबीटी तो देते. चांगलंच आहे. पण त्या दिवसापासून अनेकांचा मॅनेजर बँकेच्या पानावर गप्प बसला. पत्ता बदलला, नोंद जुन्या पत्त्याची. अशा वेळी माणूस चिडतो, पासवर्ड कॉपी करतो आणि चिकटवून मोकळा होतो. हीच सवय घातक, कारण नकली साइटवरही मॅनेजर असाच गप्प बसतो.

मॅनेजर गप्प बसला की हात मागे घ्यायचा. एसएमएसमधली लिंक बंद करायची. बँकेचा पत्ता स्वतः टाइप करायचा किंवा तिच्या अधिकृत ॲपमधून जायचं, शेवटचं ‘डॉट बँक डॉट इन’ अक्षर न अक्षर वाचायचं, आणि मग नोंदीत नवा पत्ता जोडायचा. पुढच्या वेळी तो आपोआप बोलेल. घाईत कुठे पासवर्ड भरला गेला आणि पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन. मिनिटं मोजली जातात.

शेवटची पायरी: लिफाफा आणि तालीम

मॅनेजरला दुहेरी कुलूप लावा, म्हणजे पासवर्डशिवाय ऑथेंटिकेटर ॲपचा कोड. पण ते ॲपही फोनमध्येच, आणि फोन गोदेत. म्हणून दुहेरी कुलूप लावताना मिळणारा रिकव्हरी कोड कागदावर हवा. गूगल खातं आठ-आठ आकडी दहा बॅकअप कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. तेही कागदावर.

आमच्या लिफाफ्यात एकच कागद आहे. मॅनेजरचं नाव आणि त्यात वापरलेला ईमेल. मास्टर पासवर्ड. मॅनेजरचा रिकव्हरी कोड. त्या ईमेलचा पासवर्ड आणि बॅकअप कोड. फोनचा पिन. फोनचा आयएमईआय क्रमांक, कारण पोलिसांत तक्रार करताना आणि दूरसंचार विभागाच्या संचार साथी या साइटवर हरवलेला फोन बंद करताना तो लागतो. वर तारीख. हा कागद हाताने लिहा. दुकानात झेरॉक्स काढायला नेऊ नका, फोटोही नको. लिफाफा विम्याच्या पॉलिशी आणि मुदतठेवीच्या पावत्या असतात त्याच फाइलमध्ये. दुसरी प्रत बहिणीकडे, इंदिरानगरला, चिकटवून सही केलेली.

लिफाफा वारसाची सोय नाही, हेही घरच्यांना सांगून ठेवा. माणूस गेल्यावर त्याच्या नेटबँकिंगमध्ये शिरून पैसे हलवायचे नसतात. त्यासाठी बँकेत नॉमिनीने जायचं. लिफाफा वीजबिलासाठी, मेलसाठी, फोटोंसाठी.

मग तालीम. माझा फोन बंद करून कपाटात ठेवला, बायकोच्या हातात लिफाफा दिला, आईचा जुना टॅब दिला आणि म्हटलं, महावितरणचं बिल भर. मी बाहेरच्या खोलीत, तोंड उघडायचं नाही अशी अट. तिसऱ्या मिनिटाला आतून आवाज आला, ‘अहो, हा ओ आहे का शून्य?’ रिकव्हरी कोडात मी दोन्ही सारखेच गोल काढले होते. पुढे ईमेलपाशी कळलं की मी पासवर्ड मध्यंतरी बदललाय आणि कागदावर जुनाच आहे. बिल भरायला चाळीस मिनिटं लागली.

कागद पुन्हा लिहिला. शून्याच्या पोटात आता तिरकी रेघ आहे, कोड चार-चार अक्षरांच्या गटांत आहे, जुने दोन्ही कागद गॅसवर जाळले आणि बहिणीकडचा लिफाफा बदलून आणला. वर्षातून एकदा, विम्याचा हप्ता भरायच्या दिवशी, टॅब पुन्हा बायकोच्या हातात देतो. दुसऱ्या खेपेला अकरा मिनिटं लागली.